‘श्वापद’ हे नाव, पुरावा नव्हे

१/ ‘फॉव्हिझम म्हणजे भावनेच्या भरात उधळलेले रंग’ हे वाक्य परिचयपर लेखनात इतके सर्रास आढळते की त्याचा पुरावा कोणी मागतच नाही. तो मागायला हवा. कारण हे मत चित्रे पाहून नव्हे, तर त्यांना पडलेल्या नावावरून बनले आहे.

२/ पॅरिस, ऑक्टोबर १९०५. ‘सालों दोतोन’ प्रदर्शनाच्या सातव्या दालनात मातीस, द्रँ, व्लामँक आदींची प्रखर रंगांची चित्रे होती आणि त्यांच्यामध्ये अल्बेर मार्क याचे जुन्या वळणाचे शिल्प. समीक्षक लुई व्होसेल याने कोटी केली : श्वापदांच्या गराड्यात दोनातेल्लो! ‘फॉव्ह’ म्हणजे हिंस्र श्वापद. त्या कोटीचीच पुढे व्याख्या झाली.

३/ हे ‘श्वापद’ कसे होते? आंरी मातीस तेव्हा ३५ वर्षांचा होता. गुस्ताव्ह मोरोच्या चित्रशाळेत तो शिकला होता. लूव्हरमध्ये बसून त्याने शार्दँच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. १८९९ मध्ये पैशांची चणचण असतानाही त्याने सेझानचे एक चित्र विकत घेतले. १९०४ च्या उन्हाळ्यात तो सिन्याकच्या सहवासात ठिपक्यांची पद्धत घोटत होता.

४/ त्या पद्धतीला रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याच्या १८३९ मधील ग्रंथाचा आधार होता. परस्परपूरक रंग शेजारी आले की एकमेकांना अधिक उठाव देतात, हा त्यातील नियम. लालाशेजारी हिरवा येतो तो याच हिशेबाने.

५/ मातीसने १९०५ मध्ये रंगवलेले पत्नीचे व्यक्तिचित्र ‘हिरवी रेघ’ या नावाने ओळखले जाते. कपाळापासून हनुवटीपर्यंत उतरणारा हिरवा पट्टा चेहऱ्याचे दोन भाग करतो : एक पिवळसर, दुसरा गुलाबी. छायाप्रकाशाचे काम येथे उष्ण आणि शीत रंगांवर सोपवलेले आहे. पट्टा झाकून पाहावा. चेहऱ्याचा उठावच नाहीसा होतो. याला उधळण कसे म्हणावे?

६/ आक्षेप येईल : व्लामँक तर स्वयंशिक्षित होता आणि उपजत प्रेरणेचा अभिमान मिरवत असे. हे खरे. परंतु एका चित्रकाराचा स्वभाव म्हणजे साऱ्या शैलीचे तत्त्व नव्हे. शिवाय १९०८ च्या सुमारास तोही सेझानच्या संयत रचनेकडे वळला.

७/ ‘गॉथिक’ आणि ‘इम्प्रेशनिझम’ ही नावेही हेटाळणीतूनच रूढ झाली. ती आता बदलणार नाहीत, बदलण्याची गरजही नाही. मात्र नावासोबत आलेला निवाडा इतिहासाच्या अभ्यासकाने जसाच्या तसा स्वीकारला, तर तो इतिहास लिहीत नाही. शंभर वर्षांपूर्वीची एक कोटी पुन्हा सांगतो.