बर्फावर सुती बनियन नको



हा अंक हाती पडेल तेव्हा घराघरात दिवाळीची आवराआवर चालू असेल आणि कॅल्गरीत पहिला बर्फ बहुधा पडूनही गेलेला असेल. नोव्हेंबरात कॅनडा ऑलिम्पिक पार्कच्या उतारावर यंत्रांनी बर्फ टाकायला सुरुवात होते. मग शनिवार-रविवारी आपल्यातली तीन-चार वर्षांची पोरं हेल्मेट घालून सरकत्या पट्ट्यापाशी रांगेत उभी दिसतात. शिकवणारी ताई "पिझ्झा, पिझ्झा!" म्हणून ओरडते, म्हणजे स्कीची पुढची टोकं जुळवा आणि वेग कमी करा. पोरं हटकून "फ्रेंच फ्राइज" करतात, म्हणजे पाय सरळ ठेवून थेट कुंपणाकडे सुटतात. मजा असते. पण अर्ध्यापाऊण तासानं त्यातलं एखादं रडत बाहेर येतं. जॅकेट भारीतलं, हातमोजे नवे, तरी पोर काकडलेलं. पाठीवरून आत हात घालावा तर सुती बनियन ओलंचिंब.

यंदाचं संपादकीय त्या बनियनवर आहे. दिवाळीच्या तोंडावर संपादकांना दुसरा विषय मिळाला नाही का, असं कुणी म्हणेलही. मराठी शाळा आणि मातृभाषा यांवर आपण सगळेच पुष्कळ लिहितो. पोरांच्या अंगालगत काय असावं यावर कुणी लिहीत नाही, आणि तिथे आपली गावाकडची शिकवण आपल्याला चकवते.

मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडे कपडा म्हणजे सूत. गेवराई, माजलगावकडच्या काळ्या रानात कापूस, तालुक्याच्या गावाला जिनिंग, घरात जुन्या लुगड्यांची वाकळ. संतकवी दासोपंतांनी (१५५१–१६१५) अंबाजोगाईत ज्या पासोडीवर आपला ग्रंथ लिहिला, ती ४० फुटांच्या आसपास लांबीची पासोडी हेही मुळात थंडीत पांघरायचं जाडंभरडं कापड. बाळंतविड्यात सुती झबलं, उन्हाळ्यात सुती बंडी, आणि थंडीत सुती बनियनवर स्वेटर. यात चूक काहीच नव्हतं. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला की सुती कापड घाम पितं, कोरड्या हवेत तो घाम उडून जातो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. फुकटचा गारवा. डिसेंबरातली पहाट दहा अंशांच्या आसपास असली तरी नवाला ऊन अंगावर येतं, ओलं झालेलं सुकून जातं.

बर्फावर नेमकी तीच गोष्ट उलटते. चार वर्षांचं पोर उतारावर पडतं, उठतं, पुन्हा चढतं, आणि उणे दहातही त्याला घाम येतो. सुती धागा पाणी आत ओढून धरून ठेवतो आणि कापड अंगाला चिकटतं. धाग्यांच्या मध्ये जी स्थिर हवा ऊब धरत होती, तिथे आता पाणी असतं, आणि पाणी स्थिर हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगानं उष्णता वाहून नेतं. त्यात वरचं जॅकेट वारा अडवणारं, म्हणजे ओल बाहेर पडायलाही वाट कमी. मग पोर पाळण्यावर, म्हणजे चेअरलिफ्टवर, पाचदहा मिनिटं हालचाल न करता बसतं आणि तिथे हुडहुडी भरते. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाचं वजन कमी आणि वजनाच्या मानाने कातडीचा पसारा जास्त, त्यामुळे ते निवतंही लवकर. आपण समजतो जॅकेट कमी पडलं, आणि पुढच्या वेळी आत आणखी एक स्वेटर चढवतो. पोर आणखी घामाघूम होतं आणि आणखी गारठतं.

म्हणून पहिला नियम: अंगालगत सूत नको. टी-शर्ट, बनियन, लेंगा, आणि चड्डीही शक्यतो सुती नको. गावाहून येताना आजी जे फिक्या रंगाचे थर्मल आणते, त्यांचं लेबल आधी वाचा. त्यातले पुष्कळसे सूत आणि पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाचे असतात. शाळेच्या बसथांब्यासाठी उत्तम, स्कीसाठी नाहीत. रेयॉन किंवा विस्कोस मिसळलेल्या 'उष्णता देणाऱ्या' पातळ कपड्यांचंही तेच. थोड्या घामापर्यंत ते छान वाटतात, जास्त झाला की ओल धरून बसतात.

मग काय घ्यायचं? दोनच गोष्टी: पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकर.

लोकर म्हटलं की आमच्याकडच्या माणसाच्या अंगावर काटा येतो, कारण आम्हाला लोकर माहीत ती घोंगडीची. बालाघाटच्या माळावर चरणाऱ्या दख्खनी मेंढीचे केस भरड, जाड. त्यांचं सूत कातून, चिंचोक्याची खळ देऊन विणलेली घोंगडी मेंढपाळाला पावसात आणि थंडीत बरोबर साथ देते. भिजली तरी ऊब सोडत नाही, हे कुठल्याही धनगराला कुणी शिकवावं लागत नाही. पण ती उघड्या अंगाला टोचते. टोचण्याचं कारण जाडीत आहे. साधारण तीस मायक्रॉनपेक्षा जाड केसाचं टोक कातडीवर टेकलं की वाकत नाही, रुततं. मेरिनो मेंढीची, अंगालगतच्या कपड्यांसाठी वापरतात ती लोकर सतरा ते एकोणीस मायक्रॉनची. तिचं टोक वाकतं आणि पोर खाजवत नाही. गुण मात्र घोंगडीचाच. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीसएक टक्के ओल वाफेच्या रूपात आत घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही; उलट ओल शोषताना थोडी उष्णता सोडते. वास तर दोनतीन दिवस घातली तरी येत नाही. आपल्या आजोबांना ठाऊक असलेली गोष्ट परदेशी दुकानात बारीक सुतात परत भेटते, एवढंच. माझ्या मते घोंगडीचा हा गुण आपण तिच्या टोचण्यामुळे विसरलो.

पॉलिएस्टर जवळजवळ पाणी पीतच नाही. घाम कापडाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला पसरतो आणि चटकन वाळतो. स्वस्त, टिकाऊ, यंत्रात कसंही धुता येतं. तोटे दोन: वास धरतं, आणि थांबल्यावर मेरिनोइतकं उबदार वाटत नाही. मेरिनोचा जोड सहज दुप्पट-तिप्पट किमतीचा. तीन वर्षांचं पोर एका हंगामात त्यातून बाहेर पडणार, तेव्हा नवा मेरिनो घ्यायलाच हवा असं मुळीच नाही. आठवड्यातून एकदा दोन तास शिकायला जाणाऱ्या मुलाला चांगलं पॉलिएस्टर पुरतं. दिवसभर डोंगरावर राहणार असाल, नाकिस्काला किंवा सनशाइनला जाणार असाल, तर मेरिनोचा फरक कळतो. मेरिनोच्या पाकिटावर १५०, २००, २५० असे आकडे असतात; ते एका चौरस मीटर कापडाचं वजन, ग्रॅममध्ये. लहान मुलांना २०० च्या आसपास बरं. २५० वालं फक्त कडाक्याच्या दिवसांना.

आता मापाचं. आपल्यात कपडा वाढत्या अंगाचा घेतात, आणि जॅकेटच्या बाबतीत ते शहाणपण आहेच. मुलांच्या काही स्की जॅकेटांत बाहीच्या आत एक मुडप शिवलेली असते. पुढच्या वर्षी टाका उसवला की बाही दोन बोटं लांब. पण आतला कपडा वाढत्या अंगाचा घेतला तर पैसे वाया. तो कातडीला लागून नसेल तर घाम उचलणार कुठून? ढगळ कपड्याच्या चुण्या हेल्मेटच्या पट्ट्याखाली आणि बुटात जमतात, तिथे टोचतात. अंगाला बसेल पण छातीवर आवळणार नाही, बाह्या मनगटापर्यंत, सदरा कंबरेखाली खोचता येईल इतका लांब. पँट मात्र बुटाच्या वर संपली पाहिजे. स्कीच्या बुटात फक्त मोजा जातो, पँटची किनार नाही. नाहीतर नडगीवर वळ उठतो आणि पोर "पाय दुखतो" म्हणत बसतं. मोजाही एकच. गावाकडे थंडीत दोन-दोन मोजे घालायची सवय असते. इथे दोन घातले तर बूट आवळतो, रक्त फिरत नाही आणि पाय जास्त गार पडतात. लोकर मिसळलेला, पातळ, गुडघ्यापर्यंतचा एक मोजा.

एकसंध अंगरखा, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत एकच चेन असलेला, दिसायला गोड असतो. पण शू लागली की सगळं उतरवावं लागतं, आणि ती नेहमी सगळं घालून झाल्यावरच लागते. सदरा आणि पँट वेगळी घ्या.

वरच्या थरांबद्दल फार सांगायला नको. मध्ये पातळ फ्लीस, वर वारा आणि बर्फ अडवणारं जॅकेट. आपल्याकडे चिनूक हा उबदार वारा सुटला की सकाळचं उणे वीस दुपारी शून्याच्या वर जातं, तेव्हा मधला थर काढून पिशवीत टाकता यायला हवा. गाडीत मात्र फुगीर जॅकेट घालून मुलाला सीटच्या पट्ट्यात बांधू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण धडक बसली की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. आतले कपडे आणि फ्लीस घालून बसवा, वरून जॅकेट पांघरा.

माकडटोपीबद्दल आजीची बाजू घ्यायला हवी. पातळ, अंगाबरोबरची, मेरिनोची किंवा पॉलिएस्टरची माकडटोपी हेल्मेटखाली उत्तम बसते. कान, मान, हनुवटी सगळं झाकते. वर गोंडा असलेली जाड विणीची कानटोपी मात्र हेल्मेटखाली घालू नका, हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही. मफलर तर नकोच, लिफ्टच्या दांड्यात अडकतो. गळ्याला नळीसारखा नेकवॉर्मर.

एन्व्हायर्न्मेंट कॅनडाच्या कोष्टकानुसार उणे वीस तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर तो कातडीला उणे ३३ सारखा लागतो. असा आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. अशा दिवशी लहान मुलांना घरातच ठेवा, भरलेले पैसे गेले तरी चालतील. पोराला ऊब पुरते आहे का हे हात धरून कळत नाही, हात गारच असतात. मानेच्या मागे, कॉलरच्या आत बोट घाला. गरम आणि कोरडं लागलं तर ठीक. ओलं लागलं तर थर कमी करा किंवा आतला कपडा बदला. म्हणून पिशवीत आतल्या कपड्यांचा एक कोरडा जोड ठेवावाच. नाकावर, गालावर पांढुरका डाग दिसला तर लगेच आत न्या आणि तळव्याची ऊब द्या. चोळू नका, आणि बर्फ तर मुळीच चोळू नका.

थंडी आणि ओल यांचा हा हिशोब फक्त बर्फावरचा नाही. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, त्यांच्यासोबत लहान मुलंही असतात. पहाटे फडात उसाची पाचट दवानं भिजलेली असते, आणि त्यातून चालणाऱ्या पोराचे सुती कपडे कंबरेपर्यंत ओले होतात. इथे दरवर्षी कुणीतरी सुचवतं की मुलांची जुनी स्की जॅकेटं गोळा करून गावाकडे पाठवूया. भावना चांगली आहे, पण मला ते पटत नाही. ती जॅकेटं उणे वीससाठी शिवलेली आहेत; फडात पहाटे दहा अंश आणि दुपारी तीस. त्यांना पाठवायला जितका खर्च येईल, तितक्यात बीडच्या बाजारात कित्येक स्वेटर आणि प्लॅस्टिकचे बूट येतात, आणि ते तिथल्या हवेला चालतात. पैसे पाठवायचे असतील तर त्या मुलांना गावातच ठेवून शाळेत धाडणाऱ्या वसतिगृहांना पाठवा. पोर फडावर गेलंच नाही तर भिजणार कसं?

आपल्या पोरांना लहान झालेले मेरिनो आणि पॉलिएस्टरचे जोड मात्र इथेच फिरू द्या. यंदा पहिलाच हिवाळा काढणारी बरीच कुटुंबं आपल्या मराठी मंडळात आली आहेत, आणि त्यांना नेमकं हेच ठाऊक नसतं. दिवाळी कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहाच्या दाराशी एक टेबल असेल. कपडे थंड पाण्यात धुऊन आणा. मेरिनो ड्रायरमध्ये घालू नका, आटतो. पॉलिएस्टरला फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका, घाम उचलायची त्याची ताकद जाते. कोपराला, गुडघ्याला भोक असेल तर रफू करून आणलं तरी चालेल, कुणी नाक मुरडणार नाही. आणि कपड्यावर वय लिहू नका. आपली मुलं इथल्या वयाच्या मापात क्वचितच बसतात. उंची सेंटिमीटरमध्ये लिहा.

— संपादक