मधली फळी घडायला वेळ लागतो

2014-15 च्या मोसमात म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल तीन व्यावसायिक फुटबॉल संघांचं घरचं मैदान होतं: आय-लीगमधला पुणे एफसी, त्याच लीगमध्ये नव्याने उतरलेला भारत एफसी आणि इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी. पुढच्या वर्षी डीएसके शिवाजियन्सही आय-लीगमध्ये आला. 2019 संपता संपता यातला एकही संघ उरला नव्हता. भारत एफसी एका मोसमात आटोपला. पुणे एफसीचा तोच शेवटचा मोसम ठरला आणि त्याची अकादमी पुणे सिटीने घेतली. डीएसके शिवाजियन्सने दोन मोसम खेळून 2017 मध्ये माघार घेतली. पाच मोसमांनंतर पुणे सिटीही बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. या पडझडीची चर्चा आपल्याकडे झाली ती मालकांच्या तोट्याची. खेळाडूंच्या बाजूने, त्यातही मैदानाच्या मधोमध खेळणाऱ्याच्या बाजूने, ती फारशी कोणी केली नाही. माझं म्हणणं असं, की संघ उभे करण्याची आणि मोडण्याची ही रीत चालू राहिली तर मुळशी-पुण्याच्या पट्ट्यात कितीही मैदानं बांधली तरी मिडफिल्डर घडणार नाही.

मिडफिल्डरच का? आघाडीच्या खेळाडूचं मोल गोलांच्या आकड्यात दिसतं. एका मोसमात त्याने बारा गोल केले की पुढच्या करारासाठी फोन येतात. गोलरक्षकाची चूक आणि करामत दोन्ही उघड्यावर असतात. मधल्या फळीतल्या खेळाडूचं काम मात्र इतरांच्या कामात मिसळलेलं असतं. एका सामन्यात तो दहा-बारा किलोमीटर धावतो, पण त्याची खरी कमाई धावण्यात नसते. चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून मागे कोण उभं आहे हे पाहून ठेवणं, आपला डावा बचावपटू वर गेला की त्याची मोकळी जागा न सांगता भरणं, कोणत्या सोबत्याला चेंडू पायात हवा आणि कोणाला धावेपुढे हवा हे ओळखणं, ही त्याची विद्या. ती सरावाने येते, आणि हा सराव त्याच त्या माणसांबरोबर करावा लागतो. सोबती बदलले की त्यातलं बरंच पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. म्हणून या जागेवरचे चांगले खेळाडू बहुधा उशिरा पिकतात. लुका मॉड्रिचला जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ऑर 2018 मध्ये मिळाला तेव्हा तो 33 वर्षांचा होता आणि रेआल माद्रिदमध्ये त्याची सहा वर्षं झाली होती. त्याच्या आधीचा भाग आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. डिनामो झाग्रेबने अठराव्या वर्षी त्याला बोस्नियातल्या झ्रिन्स्की मोस्टार या लहान क्लबकडे आणि पुढच्या मोसमात इंटर झाप्रेशिच या क्रोएशियातल्या लहान क्लबकडे खेळायला धाडलं होतं. अंगाने किरकोळ असलेल्या पोराला मोठ्या माणसांविरुद्ध नियमित खेळायला मिळालं, कारण तसे लहान क्लब तिथे होते आणि आजही आहेत.

आता महाराष्ट्राकडे पाहू. भारतीय संघाचा आजचा मुख्य प्रशिक्षक खालिद जमील हा मुळात मुंबईत कारकीर्द घडवलेला मिडफिल्डर. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, पुन्हा महिंद्रा आणि शेवटी मुंबई एफसी, असा त्याचा प्रवास. यातला महिंद्राचा संघ 2010 मध्ये कंपनीने बंद केला. एअर इंडिया 2013 नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. मुंबई एफसी 2017 मध्ये संपला. एका माणसाच्या खेळण्याच्या कारकिर्दीतले तिन्ही क्लब आज व्यावसायिक फुटबॉलमध्ये नाहीत. याच खालिदने 2017 मध्ये मिझोरामच्या आयझॉल एफसीला आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं आणि ऑगस्ट 2025 मध्ये तो भारताचा प्रशिक्षक झाला. त्याच्या गुणांबद्दल वाद नाहीच. पण मुंबईतल्या सतरा वर्षांच्या मुलाने आज त्याचा रस्ता धरायचा म्हटलं तर त्यावरचा एकही थांबा जागेवर नाही. महिंद्राकडून आणि भारतीय संघाकडूनही खेळलेल्या स्टीव्हन डायसलाही ऐन भरात, महिंद्रा बंद होताच, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे जावं लागलं. त्याच्या पदरी नाव होतं म्हणून तो गेला. बाकावर बसून संधीची वाट पाहणारा, अजून कच्चा असलेला पोरगा अशा वेळी कुठे जातो?

गोव्याचं उदाहरण समोर ठेवलं की फरक कळतो. लेनी रॉड्रिग्ज या गोव्याच्या मिडफिल्डरने 2012-13 मध्ये चर्चिल ब्रदर्सबरोबर आय-लीग जिंकली. त्याच मोसमात डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे एफसी दुसरा आला होता, हे इथे आवर्जून आठवायला हवं. आपण तेव्हा विजेतेपदाच्या किती जवळ होतो! पुढे लेनी पुणे सिटी, मोहन बागान, बंगळुरूकडून खेळला आणि गोव्यात परतून एफसी गोवाकडे आला. 2019-20 मध्ये त्या संघाने साखळीत पहिलं स्थान मिळवून लीग शील्ड जिंकली तेव्हा तो 32 वर्षांचा होता आणि संघाचा तोल सांभाळणारा खेळाडू होता. गोव्यातही सगळं आलबेल नव्हतं. 2016 मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या तिन्ही नामांकित संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. पण ते नाहीसे झाले नाहीत. गोव्याच्या स्थानिक व्यावसायिक लीगमध्ये त्यांचे संघ खेळत राहिले, मुलांचे संघ चालू राहिले आणि डेम्पो 2024-25 मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये उतरला. वरचा मजला हलला तरी खालचा पाया शाबूत होता. आपल्याकडे पुण्यात उलटं झालं. बाहेरून पैसा आणून थेट वरचा मजला बांधला आणि तो कोसळला तेव्हा खाली झेलायला काही नव्हतं.

यावर पहिला आक्षेप बाजाराचा असतो. प्रेक्षक आले नाहीत, प्रायोजक टिकले नाहीत, तर कोणी का म्हणून तोटा सोसावा? प्रश्न रास्त आहे आणि मालकांना दोष देऊन तो सुटत नाही. खाजगी पैसा त्याच्या सोयीने येणार आणि जाणार. 2010 मध्ये फुटबॉल महासंघाने केलेला पंधरा वर्षांचा व्यावसायिक करार 2025 मध्ये संपत आला, तर अख्खी सुपर लीगच लांबणीवर पडली. म्हणजे वरच्या पायरीची शाश्वती कोणालाच नाही. नेमकी म्हणूनच खेळाडूची घडण त्या पायरीवर अवलंबून ठेवता कामा नये. शिवाय पुण्यातले हे संघ निव्वळ खाजगी कधीच नव्हते. मैदान राज्य शासनाचं, 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी जनतेच्या पैशातून उभं राहिलेलं. अशा मैदानाचा वापर देताना शासनाला साधी अट घालता आली असती: कुमार आणि युवा संघांचा दोन वर्षांचा खर्च आधी अनामत ठेवा, मग तुमचा मुख्य संघ राहो वा जावो. पुढे कधी कोणी पुण्यात नवा संघ घेऊन आलं तर ही अट पहिल्या कागदावर असायला हवी.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ज्याच्यात दम आहे तो कुठूनही वर येतोच, असं म्हणतात आणि अनिकेत जाधवचं नाव पुढे करतात. कोल्हापूरचा हा मुलगा पुण्यात क्रीडा प्रबोधिनीत आणि पुणे एफसीच्या अकादमीत शिकला, 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला आणि 2022 मध्ये सुपर लीग जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात होता. अनिकेतचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण या उदाहरणातून माझाच मुद्दा पक्का होतो. पुण्यातली अकादमी तेव्हा चालू होती, म्हणून त्याला घडायला जागा मिळाली. तो आघाडीचा, कडेने धावणारा खेळाडू. त्याचा वेग सोळाव्या वर्षीही निवड समितीच्या डोळ्यांत भरतो. आणि विश्वचषक भारतात भरणार म्हणून देशभर मुलांचा शोध चालू होता, तसा योग दरवर्षी येत नाही. त्याच विश्वचषकातल्या भारतीय संघाची मधली फळी पाहा. कर्णधार अमरजीत कियाम, कोलंबियाविरुद्ध भारताचा विश्वचषकातला पहिला गोल करणारा जीक्सन सिंग, पुढे भारताच्या मुख्य संघात स्थिरावलेला सुरेश वांगजम, हे तिघेही मणिपूरचे. मणिपूरकडे हिंजवडीसारखा उद्योग नाही. तिथे 1954 मध्ये सुरू झालेला ट्राऊ आणि 1965 चा नेरोका यांच्यासारखे वस्तीतून उभे राहिलेले क्लब आहेत, राज्याची लीग आहे आणि त्यांखाली गावोगावचे संघ आहेत. महाराष्ट्राने त्या विश्वचषकाच्याच वर्षी, सप्टेंबर 2017 मध्ये, एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला होता. उत्साह खरा होता, पण दुसऱ्या दिवशी त्या मुलांनी कोणत्या संघात जायचं याचं उत्तर त्यात नव्हतं.

हे उत्तर महाराष्ट्रातच, कोल्हापुरात, आहे. तिथल्या फुटबॉलचा कणा म्हणजे तालमी. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं मुळात कुस्तीच्या आणि पेठेच्या मंडळांची. त्यांचे संघ वर्षानुवर्षं कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या लीगमध्ये खेळतात आणि शाहू स्टेडियम भरतं, कारण मैदानात उतरलेला मुलगा आपल्या पेठेतला असतो. तिथेही दोष आहेत. समर्थकांच्या हाणामाऱ्या होतात, सामने बंद पाडावे लागतात, आणि एवढी गर्दी असूनही कोल्हापूरचा क्लब देशाच्या लीगमध्ये जाऊन स्थिरावलेला नाही. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. मालक बदलला, प्रायोजक गेला म्हणून कोल्हापुरातली तालीम संपत नाही. वरचे संघ येवोत-जावोत, मुलाला तेच सोबती, तेच मैदान आणि तोच वस्ताद वर्षानुवर्षं मिळू शकतो.

पुण्यालगतच्या मुळशी तालुक्याला ही पद्धत नवी नाही. इथला पैलवान पृथ्वीराज मोहोळने 2025 मध्ये महाराष्ट्र केसरीची गदा उचलली, ती एका मोसमाच्या गुंतवणुकीवर नव्हे. या तालुक्यात पोराला लहानपणी तालमीत घालतात, घर त्याच्या खुराकाची तजवीज करतं, गाव जत्रेच्या आखाड्यात त्याला जोड लावून देतं आणि निकालाची दहा-बारा वर्षं वाट पाहतं. फुटबॉलला हेच हवं आहे आणि ते करणारी माणसं पौड, पिरंगुट, माण, भूगाव अशा गावांत आधीच आहेत. कोणी म्हणेल, कुस्तीच्या गावांत फुटबॉल कशाला घुसवता? कोल्हापुरात एकाच तालमीने दोन्ही सांभाळले, त्यात कुस्तीचं काही बिघडलं नाही. आणि आता मुळशीत फक्त जुनी घरं नाहीत. हिंजवडी-माणच्या उद्योगांमुळे देशभरातून आलेली कुटुंबं इथे राहतात. त्यांत केरळ, बंगाल, ईशान्येकडून आलेली, फुटबॉलवर जीव असलेली माणसंही आहेत. गावातल्या आणि सोसायटीतल्या मुलांना एका संघात आणणारा खेळ म्हणून फुटबॉलचा विचार व्हायला हवा.

सध्या या मुलांच्या वाट्याला काय आहे? जाळीने वेढलेली, तासाच्या भाड्याची टर्फ. पाच-पाच जणांचा खेळ तिथे रंगतो, पाय चपळ होतात, हे खरं. ब्राझीलची मुलं लहान मैदानावरच तयार होतात, असंही त्यावर सांगितलं जातं. बारा-तेराव्या वर्षापर्यंत ते पटतं. पण मिडफिल्डरची नजर तयार होते ती 105 बाय 68 मीटरच्या मैदानावर, अकरा जणांच्या संघात, जिथे चाळीस मीटरवरचा मोकळा सोबती हेरावा लागतो. जाळीच्या आत तो चाळीस मीटरवर असूच शकत नाही. शिवाय टर्फवर दर रविवारी जो आला त्याच्याबरोबर खेळायचं असतं. संघ नसतो, म्हणून समजही साठत नाही.

पैशाचा प्रश्न उरतो आणि तो टाळून चालणार नाही. कंपनी कायदा 2013 प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात आणि ग्रामीण खेळांचं, मान्यताप्राप्त खेळांचं प्रशिक्षण त्या यादीत आहे. मुळशीत अशा कंपन्यांची वानवा नाही. अडचण ही, की हा पैसा बहुतेकदा स्पर्धेचा मांडव, टी-शर्ट आणि चषक यांवर जातो, कारण त्याचे फोटो लगेच निघतात. प्रशिक्षकाच्या पगाराचा फोटो निघत नाही. माझी मागणी पगाराचीच आहे. तालुक्यात सहा-आठ गावांचे संघ, प्रत्येकाला एक परवानाधारक प्रशिक्षक, त्याचा किमान पाच वर्षांचा करार, आणि 14 ते 22 या वयाच्या मुलांना पावसाळा सोडून वर्षभर चालणारी, अकरा जणांच्या सामन्यांची लीग. जिल्हा संघटनेने त्या सामन्यांची नोंद ठेवावी, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी निवडीत हुकलेला मुलगा बाविसाव्या वर्षी पुन्हा पाहता येईल. कंपन्यांनी पैसे एका गावाच्या नावे न देता लीगच्या नावे द्यावेत, म्हणजे एखादी कंपनी मागे हटली तरी दुसरी तिची जागा घेईल आणि मुलांचा संघ मोडणार नाही. याची सुरुवात दिवाळीनंतरच्या मोसमात दोन गावांपासूनही करता येईल.