काळ्या पानाची चव आणि समीक्षेची भाषा

उंची सिगारींवर इंग्रजीत जे आस्वादलेखन होते, ते वाचताना मला आपली पुस्तकपरीक्षणे आठवतात. काळसर पानाची सिगार असली की कोको, कॉफी, चामडे, देवदार, ओली माती अशी विशेषणांची माळ ओवली जाते. आपल्याकडे कवितासंग्रह हाती आला की 'तरल', 'गहिरे', 'अंतर्मुख करणारे' हे शब्द असेच हजर होतात. दोन्हीकडे वस्तू दिसत नाही. लिहिणाऱ्याची रसिकता तेवढी दिसते.

वास्तविक चव घडवलेली असते. सिगारीत आत गाभ्याची पाने, त्यांना आवळून धरणारे बांधणीचे पान आणि सर्वांत बाहेर वेष्टनाचे पान असते. काळ्या सिगारीला स्पॅनिशमध्ये 'मादुरो', म्हणजे पक्व, म्हणतात. वेष्टनाचे जाड पान ढीग रचून दीर्घकाळ आंबवले जाते. ढीग आतून तापतो, तो पुनःपुन्हा मोडून रचावा लागतो. त्यात पानाचा उग्रपणा कमी होतो, रंग गडद होतो. म्हणूनच काळी सिगार कडक असतेच असे नाही. कडकपणा मुख्यतः गाभ्यात रोपाच्या शेंड्याकडची पाने किती आहेत, यावर ठरतो. गाभा फार दाबून भरला तर धूर ओढला जात नाही. सैल राहिला तर सिगार भराभर जळते आणि तोंड पोळते. रंगावरून जोर ठरवणारा आस्वादक शैलीच्या झळाळीवरून आशय जोखणाऱ्या समीक्षकासारखाच फसतो.

वस्तूला आधी 'तू कशी झालीस?' असे विचारण्याची शिस्त मराठी गद्याला परकी नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईत मराठी विश्वकोश आकाराला आला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. वेदान्ताइतक्याच गांभीर्याने पीक, यंत्र आणि धातू यांच्याविषयी लिहिणारे हे गद्य आपण साहित्याच्या वर्गात सहसा वाचायला देत नाही.

त्याच वाईजवळून जाणारा महामार्ग कराड, कोल्हापूर ओलांडून निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात पोहोचतो. तिथला तंबाखू विडीचा. विडीचे वेष्टन तेंदूच्या पानाचे. ते भिजवायचे, कात्रीने बेतायचे, तंबाखू भरून वळायचे आणि दोऱ्याने बांधायचे. हे काम बहुतांशी बायकांच्या बोटांचे. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीत तंबाखूच्या भावासाठी आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. 'ओल्या मातीचा गंध' असे लिहिताना ही माती आठवायला हवी.

धूम्रपानाची भलामण मला करायची नाही. तंबाखू माणसे मारतो, आणि वळणाऱ्यांची फुप्फुसेही त्याच्या धुळीतून सुटत नाहीत. प्रश्न भाषेचा आहे. हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून सिगार वळणाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा सुरू झाली. वाचणाऱ्याचा मोबदला कामगार पदरमोड करून देत. 'मोंतेक्रिस्तो' हे प्रसिद्ध सिगारीचे नाव द्यूमाच्या कादंबरीवरून आलेले आहे. ज्यांना आपण केवळ हात समजतो, ते श्रोते होते, वाङ्मयाचे आश्रयदातेही होते.

तेव्हा विद्यार्थ्यांना रसग्रहण शिकवताना पहिली काही वाक्ये विशेषणांवाचून लिहायला सांगावीत, असे मला वाटते. घडण नीट सांगता आली, तर चवीसाठी शब्द उसने आणावे लागणार नाहीत.