खड्ड्यालाही धनी असतो



तालुक्याच्या बाजाराहून रात्री मोटारसायकलवर परतणारा घरचा कर्ता माणूस खचलेल्या मोरीपाशी पडून गेला, अशी बातमी आपल्या भागात नवी राहिलेली नाही. गाव हळहळते, ‘त्याची वेळच भरली होती’ म्हणते आणि तेरावा झाला की जो तो आपल्या कामाला लागतो. मागे राहतात ती बायको, लेकरे आणि सोसायटीचे कर्ज. आपले जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरले तर भरपाई धन्याकडे मागतात. रस्त्यावरच्या खड्ड्यालाही तसाच धनी असतो आणि त्यालाही जाब विचारता येतो, एवढेच आज सांगायचे आहे.

न्यायालये या प्रश्नाकडे कसे पाहतात? दिल्लीच्या चांदणी चौकातला महापालिकेच्या मालकीचा घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली होती. मनोरा ८० वर्षांचा, तर तशा बांधकामाचे आयुष्य ४०-४५ वर्षांचे. तेव्हा त्याची वेळोवेळी तपासणी करणे हे मालकाचे कर्तव्यच होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली ठरवले आणि पालिकेला जबाबदार धरले. याउलट राजकोटला १९७५ साली रस्त्याकडेचे झाड पडून वाटेने जाणारा एक माणूस गेला. तिथे मात्र १९९७ साली त्याच न्यायालयाने पालिकेची जबाबदारी मानली नाही. झाड असे पडेल हे आधी ओळखता येण्यासारखे नव्हते, हे त्यामागचे एक कारण होते.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की मर्म ध्यानात येते. धोका ठाऊक होता का, किंवा ठाऊक असायला हवा होता का, हा खरा सवाल आहे. मोरीचा कठडा तुटून दोन पावसाळे गेले, रस्ता खोदून ठेवला आणि रात्री दिवा नाही की फलक नाही, तर ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे कोण ऐकून घेईल? पण तुमच्याकडे कागद हवा.

चांगला रस्ता हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला. हा पैसा कसूर करणारे अधिकारी व ठेकेदार यांच्याकडून वसूल करावा, असेही त्यात आहे. खटला मुख्यतः शहरांच्या रस्त्यांचा होता. पण २१वे कलम शहर आणि खेडे असा भेद करीत नाही. शिवाय २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. रस्त्याच्या सदोष बांधणीमुळे वा देखभालीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणेला व ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र तो दंड सरकारी निधीत जातो, घरच्यांच्या हाती येत नाही. त्यांना आपली भरपाई वेगळी मागावी लागते.

आता करायचे काय? पहिले काम अपघाताच्या आधीचे. आपला रस्ता कोणाचा हे विचारून ठेवा. गावरस्ते आणि इतर जिल्हा मार्ग सामान्यतः जिल्हा परिषदेकडे असतात, तर प्रमुख जिल्हा मार्ग व राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची पहिली ५ वर्षे देखभाल ठेकेदाराने करायची असते. खड्डा दिसला की तारीख घालून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले कोर्टात टिकत नाही.

दुसरे काम अपघातानंतरचे. दुःखाच्या भरात पंचनाम्याकडे कोणी पाहत नाही. मग ‘भरधाव वेगात, हयगयीने’ असे लिहून सारा दोष गेलेल्याच्या माथी बसतो आणि खड्डा कागदावर येतच नाही. म्हणून खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली, दिवा व फलक नसणे, हे सारे पंचनाम्यात लिहून घ्या. खड्डा बुजवण्याआधी छायाचित्र काढा. शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत जपून ठेवा. चालवणारा दारू प्यायलेला असेल किंवा परवान्यावाचून असेल तर मागणी लंगडी पडते, हेही घरातल्या तरण्या पोरांना सांगून ठेवा.

वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नका. तालुका विधी सेवा समितीकडे स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. गेलेल्याची विधवा तिथे स्वतः अर्ज करू शकते.

भरपाईने माणूस परत येत नाही, हे खरे. पण ज्याला खड्ड्यापायी एकदा पैसे मोजावे लागतात, तो पुढचा खड्डा वेळेवर बुजवतो. येत्या ग्रामसभेत आपल्या शिवारातल्या धोक्याच्या जागांची यादी करा, ठराव घ्या आणि त्याची प्रत त्या रस्त्याच्या धन्याकडे पोचती करा.