लगामही स्वदेशी हवा

अणुऊर्जेची चर्चा युरेनियम आणि थोरियम यांच्याभोवतीच फिरते. रथ घोड्यांच्या बळावर धावतो, पण मुक्कामी पोहोचतो तो लगामामुळे, याचा विसर पडतो. अणुभट्टीचा हा लगाम म्हणजे न्यूट्रॉन शोषून घेणारी द्रव्ये.

जे द्रव्य सर्वाधिक शोषते ते सर्वश्रेष्ठ, असा सरळ हिशेब येथे चालत नाही. गॅडोलिनियम ताज्या इंधनाचा अतिरिक्त जोर आवरते आणि इंधनाबरोबर स्वतःही संपत जाते. म्हणून तारापूरच्या १९६९च्या भट्ट्यांसारख्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांना ते मानवते. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या प्रजनक भट्टीत मात्र न्यूट्रॉन वेगवान असतात. तेथे गॅडोलिनियमची ही किमया चालत नाही. बोरॉन-१० हाच आधार. निसर्गातील बोरॉनमध्ये त्याचे प्रमाण सुमारे २० टक्केच. ते ६५ टक्क्यांपर्यंत वाढवावे लागते. भारी पाणी मंडळाने ही विद्या देशातच साध्य केली, हे फारसे कोणाला ठाऊक नाही.

१९७४च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने सहकार्याचा हात काढून घेतला, हा इतिहास आहे. २०४७पर्यंत एक लाख मेगावॉट अणुवीज निर्माण करण्याचा संकल्प देशाने २०२५मध्ये सोडला. त्या संकल्पात भट्ट्यांची संख्या मोजली जाते; शोषक द्रव्यांची तरतूदही तितक्याच काटेकोरपणे मोजली गेली पाहिजे. घोडे आपले आणि लगाम परक्याच्या हाती, याला स्वावलंबन म्हणत नाहीत.