खडकाला कुंपण, समुद्र मोकाट

पेरू देशातील पिस्को बंदरासमोर चिंचा नावाची तीन बेटे आहेत. तेथे ना झाड, ना झरा, ना गाव. पाऊस जवळजवळ पडतच नाही अशा त्या खडकांवर पाणकावळे, बूबी आणि पेलिकन यांची विष्ठा साचत गेली आणि काही ठिकाणी तिचे दीडशे फूट उंचीचे थर झाले. हाच ग्वानो. विणीच्या हंगामात या बेटांवर पाऊल ठेवणाऱ्यास इंका राजवटीत देहान्त शासन होते, असे गार्सिलासो या इतिहासकाराने १६०९ साली लिहून ठेवले आहे. खत देणाऱ्याला आधी जगू द्यावे लागते, एवढे त्या राजांना निश्चित कळत होते.

१८४० नंतर युरोपच्या थकलेल्या शेतांसाठी हे खत जहाजे भरभरून जाऊ लागले. व्यापारी पेढ्या गब्बर झाल्या आणि पेरूच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर चढला. खणण्याचे काम मुख्यतः करारात जखडून आणलेल्या चिनी मजुरांच्या माथी आले. डोळे जाळणाऱ्या धुळीत, चाबकाच्या धाकात ते राबले. कित्येकांनी कड्यावरून समुद्रात उड्या घेतल्या. १८६४ साली स्पेनच्या आरमाराने ही बेटेच बळकावली, इतकी त्या विष्ठेची किंमत! १८७० नंतरच्या काही वर्षांतच चिंचावरील साठा खरवडून संपला.

पुढे १९०९ साली पेरूने ग्वानोसाठी राष्ट्रीय कंपनी काढली आणि बेटांवर पहारेकरी बसवले. हेतू खताचा होता, भूतदयेचा नव्हे. परंतु पक्षी वाढले, हे मान्य केले पाहिजे. त्यांच्यावर खरा घाला आला तो समुद्रातून. मांदेलीच्या कुळातील आंचोवेटा हा त्यांचा मुख्य आहार. १९५० नंतर कारखानदारांनी परदेशी कोंबड्या-डुकरांच्या खाद्यासाठी त्याची भुकटी करण्याचा सपाटा लावला. १९७० साली सव्वा कोटी टनांच्या आसपास मासळी उपसली गेली. १९७२ मध्ये एल निनोने समुद्र तापला, मासा नाहीसा झाला, पक्षी उपाशी मेले.

२००९ साली पेरूने २२ बेटे व ११ भूशिरे राखीव केली; भोवतीच्या पाण्याचा पट्टाही त्यात घेतला. निर्णय योग्यच आहे. परंतु पाणकावळ्याला सरकारी हद्द कळत नाही. मासा जाईल तिकडे त्याला जावे लागते, आणि तेथे कारखान्यांची जाळी पसरलेली असतात. माशांचा साठा कमाल पातळीच्या एक तृतीयांशाखाली गेला की समुद्रपक्ष्यांची वीण खालावते, हे २०११ साली जगभरातील नोंदींवरून शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. पेरूचे सरकार दर हंगामाला मासेमारीचा कोटा जाहीर करते. त्या हिशेबात हा एक तृतीयांश वाटा पक्ष्यांसाठी आधी बाजूला काढावा आणि मग उरल्यासुरल्याचा सौदा कारखानदारांशी करावा.