मोडीतला पडदा

चवथ जवळ आली म्हणजे आमच्याकडे घरे झाडली जातात आणि माळ्यावरची अडगळ अंगणात येते. पूर्वी तीत मोडकी आरामखुर्ची असे. आता काळा पडलेला दूरचित्रवाणी संच आणि मुलाचा जुना लॅपटॉप असतो. भंगारवाला तो वजनावर नेतो. संचातील सर्वांत महाग भाग म्हणजे पडदा. पण काट्यावर त्याला काडीची किंमत नसते.

वास्तविक काळा पडलेला प्रत्येक पडदा निकामी झालेला नसतो. संच चालू ठेवून अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिरकी विजेरी धरावी. अंधुक चित्र दिसले तर पडदा शाबूत असून मागचा उजेड तेवढा गेला आहे, असे बहुधा समजावे. एलईडीचे बारीक दिवे पट्टीवर माळेसारखे जोडलेले असतात. त्यांतील एक तुटला की सारी माळ विझते. एका दिव्यापायी अख्खा संच मोडीत निघावा, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे.

पडद्याची ओळख संचावरील नाममुद्रेवरून पटत नाही. ती पटते पडद्याच्या पाठीवरील चिठीवरून. संच एका कंपनीचा आणि पडदा दुसरीचा, हा या धंद्यातील नित्याचा प्रकार आहे. ‘एलपी१५६डब्ल्यूएच४’ असा क्रमांक आढळला तर हा १५.६ इंची लॅपटॉपचा, १३६६ बाय ७६८ बिंदूंचा पडदा, असे जाणकार तत्काळ सांगेल. मात्र क्रमांकाची शेवटची अक्षरे पाहिल्यावाचून तोही तार जोडणार नाही. कारण त्याच मापाच्या जुन्या पडद्यांना बहुधा ४० टोकांचा जोड असतो, नव्यांना ३० टोकांचा, आणि दोहोंची संकेत वाहण्याची रीतच निराळी. एलईडीपूर्वीच्या पडद्यांत पाऱ्याची बारीक नळी असते. ती फुटता कामा नये. त्यातून आमची ही खारी हवा! जोडांना गंज चढू न देणे, हेही कारागिराचेच काम.

१ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली, याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु पुनर्वापराचा तेथील हिशेब सोने, तांबे, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम या धातूंच्या वजनावर बेतलेला आहे. दुरुस्ती करणाऱ्यास त्यात स्थान आहे, पण नोंदणी केलेल्यासच. मोठ्या कचेऱ्यांनी आपले निकामी संच नोंदणीकृतांनाच द्यावयाचे. एकेकाळी पीसीओच्या यंत्रांतील लाल आकडे मल्टीमीटरने तपासून नव्या घड्याळात बसविणारा गल्लीतला कारागीर आपोआपच दाराबाहेर राहिला. कुशलतेचा हा अव्हेर आम्हांस मान्य नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडले. पडद्यांची तांत्रिक पत्रके तेथे ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक करावे. अशा कारागिरांना एकत्र येऊन, परवडेल अशा खर्चात नोंदणी करता यावी. आणि आयटीआयच्या कार्यशाळांना निकामी संच शिकण्यासाठी रीतसर मिळावेत. विजेरी आणि मल्टीमीटर तर त्यांच्याकडे आहेतच.